आधी कोण फिरलं

शेळगावात कुठलीही गोष्ट एकमतानं ठरते. सोसायटीची सभा असो, जत्रेची वर्गणी असो, नाहीतर पाराभोवती फरशी बसवायची असो, शेवटी सगळे ‘मंजूर’ म्हणतात आणि चहाला उठतात. पण ते एकमत आधी कुणाच्या तोंडून निघालं, हे गावात एकट्या आबाजीला ठाऊक असायचं.

त्याला तो नादच होता. आयुष्यभर त्यानं साखर कारखान्यात चिटबॉयची नोकरी केली. कुठल्या फडात तोड चालू आहे, किती कोयते लागलेत, कुणाची गाडी भरली, हे बघून चिठ्ठी फाडणारा तो चिटबॉय. नोकरीला लागला तेव्हा मिसरूड फुटत होतं, रिटायर झाला तेव्हा नातू शाळेत जात होता, पण कारखान्याच्या लेखी आबाजी शेवटपर्यंत बॉयच राहिला. नोकरी संपली तरी डोळ्याची खोड गेली नाही. पंगतीत जिलबीकडं पहिला हात कुणाचा गेला, मयतीत रडायला आधी कुणी सुरुवात केली, सगळं डोक्यात टिपलेलं.

गोदामाच्या ठरावाची गोष्ट तर तो दहा वर्षं सांगत होता. गोदामाची जागा बदलायची की नाही, यावर सोसायटीच्या सभेत दीड तास कुणी तोंड उघडेना. तेवढ्यात तानूबाईच्या नवऱ्यानं कान खाजवायला हात वर नेला. तो बघून शेजारच्यानं आपला वर केला, त्याला बघून मागच्या रांगेनं, आणि गोदाम गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

“गावाचं गोदाम एका कानानं हालवलं,” आबाजी म्हणायचा, “आन ज्याचा कान, त्योच ठरावाच्या इरोधात.”

असा हा माणूस. गावानं एकमतानं केलेल्या एका गोष्टीचा पहिला माणूस मात्र त्यानं कधी सांगितला नव्हता. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

ती गोष्ट ब्याण्णवच्या फाल्गुनातली. तोडीला आलेली टोळी बीडकडची होती. त्या दिवशी त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कालव्याच्या पलीकडं हलवायच्या होत्या, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं, भांडी, गाठोडी, सरपण सगळं एकत्रच भरलं होतं. पोरं तेवढी बैलगाडीतून पुढं गेली होती. पुलाच्या चढावर ट्रॉलीची पिन तुटली. ट्रॉली मागं घरंगळली आणि पुलाच्या कडेनं कालव्यात उलटली. आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ.

गाव धावलं, हे कबूल करायलाच हवं. कासरे आले, नाडे आले, कुणी गोठ्याची शिडी आणली. पोहणाऱ्यांनी कपड्यांनिशी उड्या टाकल्या. पाऊण तासात माणसं काठावर आली. गेणबा नावाच्या गड्याचं डोकं फुटलं होतं, त्याला आणि त्याच्या बायकोला जीपमध्ये घालून बारामतीला पाठवलं. मुकादमाचा पाय मोडला होता, तो बसल्या जागी कण्हत होता. पाण्यावर गाठोडी तरंगत होती. सरपंच अप्पांनी विचारलं, “आबाजी, माणसं किती व्हती?”

रजिस्टर आबाजीच्या हातात होतं. तो म्हणाला, “सात कोयते.”

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. गडी एकटाच आला तर अर्धा. चिठ्ठी कोयत्यावर, फडातली पात कोयत्यावर, कोपीची जागा कोयत्यावर. काठावर बारा माणसं होती, जीपमधनं गेलेली दोन. चौदा. सात कोयते भरले. आबाजीनं रजिस्टर मिटून पिशवीत घातलं आणि तो गावाकडं फिरला. गाव फिरलं.

गेणबाची आई धोंडाबाई कुठल्याच कोयत्यात नव्हती. तिच्यानं ऊस तुटत नव्हता. ती कोपीवर पोरं सांभाळायची, भाकरी टाकायची. टोळीतल्या बायांना वाटलं, म्हातारी लेकाबरोबर जीपमधनं गेली. जीपमधल्या सुनेला वाटलं, आत्याबाई बायांबरोबर मागं राहिल्या. संध्याकाळी सून दवाखान्यातनं परत आली आणि तिनं विचारलं, “आत्याबाई कुठंयत?” तेव्हा जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अर्ध्या मैलावर, पाणी अडवायच्या लोखंडी गेटाशी सापडली. तिथं भिंतीला उतरायच्या कड्या आहेत. म्हातारीचा उजवा हात कोपरापर्यंत एका कडीत घातलेला होता. पंचनाम्यात ‘बुडून मृत्यू’ लिहिलं, ते बरोबरच होतं. पण मेलेला हात आपण होऊन कडीत जात नाही, हे काय कुणी सांगायला पाहिजे होतं? म्हणून गावानं एक वाक्य तयार केलं. सगळेच फिरलो. पोलिसांनी विचारलं तरी तेच, पाव्हण्यांनी विचारलं तरी तेच. या वाक्यात बसायला सगळ्यांना जागा होती, आणि आबाजीला तर मधोमध.

मेंढरांचं त्याच्या दुसऱ्या वर्षापासून सुरू झालं.

बिरदेव धनगर सुप्याकडचा. तिकडच्या माळावरचं गवत फाल्गुनात संपलं की तो तीनशे मेंढरं घेऊन कालव्याच्या अंगाला उतरायचा. कुणाच्या तरी मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत रानाला, त्याबदली जोंधळा धनगराला. रोज सकाळी कळप पूल ओलांडून पलीकडच्या तुटलेल्या फडांत चरायला जायचा. तो आता पुलाच्या तोंडाशी थांबायला लागला. कधी अर्धा तास, कधी तास. पुढं जायचा नाही, मागं फिरायचा नाही. पाण्याच्या अंगाला बघत तीनशे मुंडकी उभी. मग आपोआपच निघायची.

पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षी बायकांनी पुलावरून एकटं जाणं सोडलं. म्हातारी तिथं उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, मला मोजलं का, असं म्हणत. कुणाला विचारलं? गावातल्या कुणालाच नाही, नेहमी शेजारच्या गावातल्या कुणाला तरी.

शाळेतले रविंद्र गुरुजी या असल्या गोष्टी मानणारे नव्हते. ते म्हणाले, पुलाखालच्या पाण्याच्या आवाजाला जनावर बुजतं. त्यावर तानूबाई म्हणाली, “आन बाकीच्या पुलांखालनं काय मुकं पाणी जातं व्हय, गुरुजी?” गुरुजीही हसले.

आबाजी सगळ्यांत मोठ्यानं हसला. पण पलीकडच्या रानात जायचं तर तो सायकल लांबच्या पुलावरनं घालायचा. दीड मैलाचा फेर. त्याची बायको द्वारकाबाई ते सहा वर्षं बघत होती आणि बोलत नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या हंगामात गेणबा परत आला. मधली वर्षं तो दुसऱ्या तालुक्यात तोडीला जायचा. या वेळी टोळी याच भागात पडली. कपाळावर जुनी खोक, अंगानं वाळलेला, बोलायला नरम. फाल्गुन लागला तसा तो दिवसभराची तोड संपवून गावात यायचा आणि एकेका दारात उभा राहून एकच विचारायचा. त्या दिवशी आधी कोण फिरलं?

भांडायला आला असता तर बरं झालं असतं. भांडणाला गाव तयार होतं. हा उंबऱ्याबाहेर उकिडवा बसायचा, दिलेलं पाणी प्यायचा, ‘सगळेच फिरलो’ हे ऐकून घ्यायचा आणि पुढच्या दाराला जायचा.

एके दिवशी तो आबाजीच्या ओसरीवर आला.

“सायब, आमच्यात पाण्यात गेलेल्या माणसाला घरी न्यावं लागतं,” तो म्हणाला. “तितला खडा घ्यायचा, नावानं हाक मारायची, खडा घरी नेऊन देवात बसवायचा. मी तिकडनं तीन वर्सं हितं येऊन हाक मारली. न्हाय आली.”

“न्हाय आली, हे कसं कळतं?” आबाजीनं विचारलं. त्याला अशा गोष्टींतली कसोटी काय, हे आधी लागायचं.

“माजी बायको रोज दिवेलागणीला दारात येऊन विचारती, आत्याबाई कुठंयत. तिला समदं ठाव हाय. मयतीला व्हती ती. तरी बी विचारती. सहा वर्सं झाली.” गेणबानं लोटा खाली ठेवला. “आमचा भगत म्हणला, तुझ्या आयला मोजून भाएर टाकलंय. लेकाच्या हाकंला ती यायची न्हाय. ज्यानं मोजणी मिटवली त्यानंच बलवाया पायजे.”

आबाजीनं रिकामा लोटा उचलून आतल्या अंगाला ठेवला.

“लोक म्हणत्यात, गावात आधी कोण हाललं ह्ये तुमाला बराबर कळतं. म्हणून तुमाला शेवटाला इचारायला ठिवलं व्हतं.”

“गर्दी व्हती, गेणबा,” आबाजी म्हणाला. “गर्दीत कळत न्हाय.”

गेणबा मान हलवून गेला. आत द्वारकाबाई पातेलं घासत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “गर्दीत कान खाजवल्याला कळला की तुमाला.”

त्या रात्री आबाजीला झोप लागली, पण सकाळी उठला तो मनात एक हिशोब घेऊन. गर्दीत आधी कुणी नसतंच, हे एकदा डोळ्यांनी बघायला मिळालं तर गेणबाला तसं सांगता येईल. माणसांवर त्याचा भरवसा नव्हता. माणूस आधी हलतो आणि नंतर नाकारतो. मेंढरू नाकारत नाही. सहा वर्षांनी पहिल्यांदा त्यानं सायकल जवळच्या पुलाकडं घातली.

कळप थांबलेलाच होता. बिरदेव काठीवर हनुवटी टेकून उभा. वयानं आबाजीएवढाच, डोक्याला लाल मुंडासं, तोंडात तंबाखू.

“या चिटबॉय,” तो म्हणाला. “मेंढरांची चिठ्ठी फाडायला आला?”

“पुढची कंची निघती ती बघायला.”

“बघा. मी चाळीस वर्सं बघतोय.”

आबाजी बाभळीखाली बसला. खिशात जुन्या चिठ्ठ्यांचं कोरं बुक होतं, त्याच्या पाठीवर पेन्सिलनं रेघा ओढायला लागला. कुठल्या मेंढीचं तोंड कुठं. आधी त्यानं पुढच्या बकऱ्यावर नजर ठेवली. गळ्यात घंटा बांधलेला, दांडगा, शिंगं वळलेली.

“त्यो न्हाय,” बिरदेव म्हणाला. “त्यो नुस्ता पुढं चालतो. तुमच्या सरपंचागत. ठरवत न्हाय.”

“मग कोण ठरवतं?”

“तोंडं बघा. आता समदी तोंडं पाण्याकडं. जरा येळानं एकीचं पुलाकडं हुईल. मग दुसरीचं. निघायची न्हाईत, नुस्ती तशी उभी ऱ्हातील. आर्ध्याच्या वर तोंडं पुलाकडं झाली की कोण बी पाऊल टाकू द्या, बाकीची येत्यात. त्या पावलाला काय मोल न्हाय. ते आधीच ठरलंय.”

आबाजीनं रेघा ओढल्या. खरंच तसंच झालं. बारा, साठ, दीडशेच्या वर तोंडं वळली. मग एक काळी मेंढी निघाली आणि कळप तिच्या मागं पुलावर सांडला, दोन मिनिटांत पूल मोकळा. काळीच्या जागी पांढरी असती तरी कळप गेला असता. आबाजी हलक्या अंगानं घरी आला. त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. संध्याकाळी गेणबाला काय सांगायचं, ते त्यानं मनात मांडून ठेवलं. त्या दिवशी तोंडं फिरलीच होती. पोहणारी दमली होती, बायकांना चुली होत्या, म्हशी धारेच्या होत्या. पहिल्या पावलाला मोल नव्हतं.

पण हिशोबी माणसाचा एक अवगुण असतो. जमलेली बेरीज तो खालून वर एकदा परत करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी पुन्हा बाभळीखाली होता.

त्या दिवशी तोंडं अर्धी झाली नव्हती. पंधरावीस असतील. तेवढ्यात एक मेंढी पुलाकडं निघाली. दोन पावलं गेली, थांबली, आणि मागं वळून बघितलं. कुणी आलं नाही. ती तशीच कडेला झाली आणि गवताला तोंड लावलं, जशी काही गवतासाठीच आली होती.

“बघितलं का?” बिरदेव हसला. “हिला आत्ता कुणी इचारलं तर म्हणंल, मी कुठं निघाले व्हते.”

“मागं कशाला बघितलं तिनं?”

“एकट्या जिवाला जायचं भ्या वाटतं. आपलं चुकलंय का, ह्ये ती दुसऱ्यांच्या पायावरनं वळखती. आली मागनं, तर बरुबर. न्हाय आली, तर गवत.” बिरदेव थुंकला. “ज्येला खात्री आसती त्यो मागं बघत न्हाय, आबाजी.”

आबाजीची पेन्सिल थांबली.

मेंढी पुन्हा निघाली. पुन्हा दोन पावलं, पुन्हा मान मागं. या वेळी एक आलं, मग चार, मग सगळी.

“आन ही थांबत्यात कशाला हितं?” बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

“त्या दिवशी मी पलीकडनं येत व्हतो की. हितं गर्दी, वरडा, म्हणून कळप आडवून धरला. तवापासनं थांबत्यात.”

“म्हंजे ही मेंढरं तवाची हायेत.”

“छ्या. त्यातलं एक बी जितं न्हाय. काय इकली, काय मेली. ही समदी मागनं जल्माला आलेली.” बिरदेव कळपाच्या मागं निघाला. जाताजाता म्हणाला, “थांबायचं तेवढं शिकली. कशापायी, ते सांगायला कोण ऱ्हायलं न्हाय.”

आबाजी बाभळीखालीच बसून राहिला. त्या दिवशी त्यानं रजिस्टर मिटलं होतं, पिशवीत घातलं होतं, दोन पावलं टाकली होती. आणि मागं वळून बघितलं होतं. सहा वर्षं तो ही वही चाळत होता आणि हे पान चिकटून बसलं होतं. पुलाच्या खालच्या अंगाला बाभळीच्या मुळीशी एक हिरवं गाठोडं अडकलं होतं. त्या टोळीतल्या म्हातारीचं लुगडं हिरवं होतं. सकाळी कोपीवर चिठ्ठी फाडायला गेला की ती त्याला न मागता कोरा चहा द्यायची, आणि त्या सकाळीही दिला होता. गाठोडं हललं. पाणी वाहतं होतं, पाण्यात गाठोडी हलतातच. तेव्हा त्यानं गाठोड्यावरून नजर उचलून माणसांकडं बघितलं. एक जरी माणूस काठावर तसाच उभा राहिला असता, तरी आबाजी परत गेला असता, जसा काही परत जायलाच निघाला होता. पण लोक आले. दोघे, मग पाच, मग सगळे. ते त्याच्या मागं आले म्हणून त्याचं बरोबर ठरलं.

घरी येऊन तो द्वारकाबाईला म्हणाला, “मी मागं बघितलं व्हतं.”

“मला ठाव हाय,” ती म्हणाली. “मी तुमच्या मागंच व्हते.”

मग तिनं ताट वाढलं.

पाडव्याच्या आधी कारखान्याचा पट्टा पडला. हंगाम संपला. टोळीचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघायचा होता. सकाळी पारावर बरीच माणसं होती. अप्पा सरपंच पेपर वाचत होते, रविंद्र गुरुजी शाळेला जाताजाता टेकले होते, तानूबाई भाजीची पाटी घेऊन कडेला. गेणबा आला आणि पाराखाली उकिडवा बसला.

“उंद्या जातोय,” तो म्हणाला. “म्हणलं, एकदा समद्यांना मिळून इचारावं.”

“किती येळा सांगायचं, गेणबा,” अप्पांनी पेपरची घडी घातली. “सगळेच फिरलो.”

“मी आधी फिरलो,” आबाजी म्हणाला.

कावळे तेवढे ओरडत राहिले. मग अप्पा हसले. “आबाजी, ऊन लागलं का तुला? गाव काय तुझ्या मागनं चालतंय व्हय?”

“त्या दिवशी चाललं.”

“आवं, तुमच्या आधी मी फिरले आसंल,” तानूबाई म्हणाली. “माजी चूल पेटती व्हती.”

“माझ्या म्हशीची धार ऱ्हायली व्हती,” मागून कुणी म्हणालं. “मी तर कवाच निघालो व्हतो.”

आणखी एकाची मोटार चालू राहिली होती. आणखी एकाच्या घरी पाव्हणे होते. सहा वर्षं ज्यांना काही आठवत नव्हतं, त्यांना आता निघायची कारणंसुद्धा आठवत होती. आधी आबाजीला वाटलं, आपल्याला वाचवायला बोलतायत. मग त्याच्या लक्षात आलं. पहिला सापडला की दुसरा कोण, तिसरा कोण, हेही निघणार. प्रत्येकाला आपापला नंबर मिळणार. म्हणून त्यांना पहिलाच नको होता.

“पुलाच्या खालतं बाभळीच्या मुळीला हिरवं गाठोडं व्हतं,” आबाजी गेणबाकडं बघून म्हणाला. “मी वळून बघितलं. ते हाललं. मी ते गाठोडंच समजलो.”

“हिरवं कुठलं,” अप्पा म्हणाले, “चांगलं पोपटी व्हतं.”

बोलून झाल्यावर त्यांचं तोंड उघडंच राहिलं. हातातला पेपर वाऱ्यानं फडफडत होता, तो त्यांनी गुडघ्यावर दाबून धरला. तानूबाईनं पाटीवरचं फडकं उगीच सारखं केलं. गुरुजी खाली बघत होते.

“मलाही दिसलं होतं,” ते म्हणाले. “मला हाक मारणं वगैरे पटत नाही, गेणबा. पण दिसलं होतं, आणि मी फिरलो, हे खरं.”

कडेला बसलेला एक म्हातारा हळूच म्हणाला, गाठोड्याचं एक टोक वर आलं होतं. ते टोक होतं की काय होतं, हे त्यानं सांगितलं नाही. कारणं संपली होती.

गेणबा उठला. रागावला नाही. त्यानं धोतराची धूळ झटकली. “हाक एकानंच मारायची हाय,” तो म्हणाला. “उंद्या सकाळी. बाकीच्यांना यायचं तर या.”

सकाळी गाव आलं. कुणी कुणाला बोलवायला गेलं नव्हतं. आबाजी आणि द्वारकाबाई निघाली, तेव्हा शेजारची दारं उघडीच होती आणि माणसं पायताणं घालत होती. पुलाच्या काठावर शंभरेक माणूस जमलं. टोळीचा ट्रक सडकेवर उभा होता, त्यात कोयते, बाजा, शेळ्या, आणि मागच्या फळीला धरून गेणबाची बायको. ती खाली उतरली नाही.

गेणबा पाण्यात गुडघाभर उतरला. बराच वेळ हातानं चाचपून त्यानं एक खडा काढला, लिंबाएवढा, काळा. त्याला हळदकुंकू लावलं, नव्या खणाच्या तुकड्यावर ठेवला आणि आबाजीकडं बघितलं.

आबाजीनं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. ‘म्हातारे, च्या झाला का’ एवढंच. नाव त्याला पंचनाम्यात कळलं. तो काठाला आला.

“धोंडाबाई,” तो म्हणाला, “चला. तुमी ऱ्हायल्या व्हत्या. माज्या ध्यानात व्हतं.”

तीनदा हाक मारली. शेवटचं वाक्य त्यानं एकदाच म्हटलं. पाणी जात होतं तसं जात राहिलं. बाभळीवर एक होला घुमत होता, तो मध्येच गप्प झाला आणि मग परत सुरू झाला.

गेणबा खड्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं खण गुंडाळला, छातीशी धरला आणि काठ चढून वर आला.

“आली का?” अप्पांनी विचारलं.

“आज सांजच्याला कळंल,” गेणबा म्हणाला. “बायकोनं इचारलं न्हाय, तर आली.”

“आन तुला आमी इचारायचं कसं? पत्र घालशील?”

गेणबानं अप्पांकडं बघितलं. तो ट्रकमध्ये चढला. ट्रक धूळ उडवत सडकेनं गेला, वळणावर शेळी ओरडलेली ऐकू आली, आणि मग तोही आवाज गेला.

काम झालं होतं. आता घरी जायचं. पण असल्या कामाला किती वेळ उभं राहायचं असतं, हे कुणाला माहीत नव्हतं. गेणबानं ते सांगितलं नव्हतं. आबाजी काठावर पाण्याकडं तोंड करून उभा होता, आणि त्याच्या मागं सगळं गाव. पायताणांची कुरकुर ऐकू येत होती, कुणीतरी खाकरत होतं. कुणी निघत नव्हतं.

शाळेची घंटा झाली. गुरुजी हलले नाहीत. डेअरीच्या टेम्पोनं लांबून दोनदा हॉर्न दिला. गावात म्हशी ओरडायला लागल्या, धारेची वेळ टळली होती. तानूबाई आपल्याशीच पुटपुटली, “चुलीवर दूध हाय माजं,” आणि जागेवरच उभी राहिली. द्वारकाबाई त्याच्या उजव्या हाताला होती. तिचा पदर त्याच्या कोपराला लागत होता.

आबाजीचे पाय दुखत होते. त्याला माहीत होतं, आपण एक पाऊल उचललं तर सगळे सुटतील. शंभर माणसं त्याच्या एका पावलासाठी थांबली होती, आणि ते पाऊल त्याच्याच्यानं उचलवत नव्हतं. ऊन चढलं. पाण्यावर चकाकी आली, तिच्याकडं बघून डोळे पाणावले तरी त्यानं नजर काढली नाही.

मागून कुणीतरी, अगदी हळू, म्हणालं, “आबाजी.”

आवाज बाईचा होता. तानूबाईचा असेल, नसेलही. त्यानं मागं बघितलं नाही.